नववे पान

“आज खेळाचं पान आलंच नाय, सर,” मुरारीशेठ म्हणाले आणि काउंटरवर नसलेली धूळ झटकू लागले.

“एकाही अंकात नाही?”

“छापखान्याचा घोळ. मुंबईवाल्यांना कुठे फिकीर हाय!”

शरदराव उभेच राहिले. महाडच्या एस.टी. स्थानकासमोरच्या या वर्तमानपत्रांच्या दुकानाबाहेर एक लाकडी बाक होता. आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झाल्यापासून, गेली सहा वर्षे, ते रोज सकाळी आठ वाजता इस्त्रीचा सदरा घालून त्यावर येऊन बसत. टेनिसवर तासभर वाद घालता येईल असे गावात हे एकच ठिकाण होते. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत कोणता मानांकित गडगडणार, कोणता नवखा पोरगा पुढे येणार, याची भाकिते आदल्या दिवशी होत. बाहेरच्या कोर्टांवरचे सामने टीव्हीवर दिसत नसत. त्यामुळे निकाल पेपरातूनच कळे, आणि ज्याचे भाकीत चुकले त्याने तो उभे राहून मोठ्याने वाचायचा, असा बाकाचा नियम होता.

काल मात्र वाद चिघळला होता. शरदरावांनी तीन वर्षांपासून एका बेल्जियन तरुणावर विश्वास टाकला होता. त्याच्या सर्व्हिसचे आकडे त्यांनी टिपून ठेवले होते. तो सलग दोन वर्षे पहिल्याच फेरीत गारद झाला होता. “यंदा तो स्लोव्हाक पोरगा त्याला रडवणार,” मुरारीशेठ काल म्हणाले होते. “तुमचा बेल्जियन वहीतच बरा खेळतो, सर.” शेजारचा चहावालाही हसला, तेव्हा शरदराव ताडकन उठले होते. “आज तो हरला, तर मी या बाकावर पुन्हा बसणार नाही.” दिलेला शब्द ते मोडत नसत. तो उच्चारल्यावर रात्री त्यांना नीट झोप लागली नव्हती, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नसते.

आता त्यांनी चष्मा चढवला आणि एक अंक उचलला. पाने मोजली. दुसरा उचलला. काउंटरवरचे अकराही अंक त्यांनी क्रमाने तपासले.

“मुरारीशेठ, पेपर बारा पानांचा. तिसरं, चौथं, नववं आणि दहावं पान एकाच कागदावर छापतात. तिसरं-चौथं जागेवर आहे. नववं-दहावं नाही. छापखाना अर्धा कागद विसरत नाही.” त्यांनी घडीवरून बोट फिरवले. “हे ब्लेडचं काम. तेही पट्टी न लावता. रेघ तिरकी गेली आहे, बघा.”

मुरारीशेठ गल्ल्यातली नाणी मोजू लागले.

शरदरावांचा चेहरा एकदम उजळला. “अस्सं! म्हणजे माझा बेल्जियन जिंकला! उभं राहून वाचायची लाज वाटली, म्हणून अकरा पेपर नासवलेत? अहो, किती हा रडीचा डाव!”

मुरारीशेठनी एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा शरदरावांकडे. मग हात जोडले. “चुकलं, सर. जिंकला तुमचा. बसा आता.”

शरदराव बसायला वाकले, तोच पोलादपूरची एस.टी. लागली आणि गीताबाई लगबगीने आल्या. त्या महाडच्या शाळेत गणित शिकवत. रोज पोलादपूरहून येऊन शाळा भरेपर्यंत त्या या वादात भाग घेत आणि पेपरही इथेच वाचत. आज त्यांना धीर धरवला नव्हता. त्यांच्या हातात पोलादपूरला विकत घेतलेला अंक होता, नवव्या पानावर उघडलेला.

“सर, वाईट झालं हो. सरळ तीन सेटमध्ये.”

“कोण हरलं?”

“तुमचा बेल्जियन.”

शरदराव सावकाश ताठ झाले. त्यांनी हातातल्या तिरक्या रेघेकडे पाहिले, मग मुरारीशेठकडे. या माणसाने सकाळी ब्लेड घेऊन स्वतःचाच विजय कापून ठेवला होता. मुरारीशेठ पुन्हा धूळ झटकू लागले.

शरदरावांनी गीताबाईंचा अंक घेतला आणि नियमाप्रमाणे उभ्याने, मोठ्याने वाचले, “सहा-तीन, सहा-चार, सहा-दोन.” मग त्यांनी छत्री उचलली. “तुम्ही केलंत ते समजलं, मुरारीशेठ. पण शब्द म्हणजे शब्द. येतो.”

“या,” मुरारीशेठ म्हणाले. शरदराव चार पावले गेले. तेव्हा मुरारीशेठ गीताबाईंकडे वळून गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “काय हाय बाई, स्लोव्हाक जिंकला खरा, पण दम नाय त्याच्यात. नुसतं नशीब!”

“अहो, काल तर तुम्हीच...” गीताबाई म्हणाल्या. मुरारीशेठनी डोळे वटारले.

शरदराव थबकले. “नशीब? तीन सेटमध्ये एकही टायब्रेकर नाही, आणि नशीब?”

“सर्व्हिस लंगडी त्याची. दुसऱ्या फेरीत गार.”

“लंगडी?” शरदराव चारही पावले परत आले. “माझ्या बेल्जियनला ज्यानं सव्वा तासात गुंडाळलं, तो लंगडा? तुम्हाला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही! कागद द्या इकडे. पेन्सिल द्या.”

मुरारीशेठनी दोन्ही दिले, आणि चहावाल्याला दोन बोटे दाखवली.

आपण कुठे बसलो आहोत, हे शरदरावांच्या लक्षात आले तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि तोवर त्यांनी स्लोव्हाकला कागदावर उपांत्य फेरीत पोचवले होते.