निवडुंगाचा कागद

चार पोरं 'सर' म्हणायला लागल्यापासून व्यंकट आईशीसुद्धा फळ्यापुढं उभा असल्यासारखा बोलायचा, आणि चतुराबाईला ते मुळीच खपत नव्हतं. या दिवाळीत तो लातूरच्या आपल्या क्लासमधून गावी आला तो निवडुंगाचा कागद करायचं खूळ घेऊनच. भूकंपात घराच्या भिंती पडल्या तरी जागचं हललं नव्हतं, ते शेताभोवतीचं निवडुंगाचं कुंपण त्यानं सगळं तोडलं. शिजवलं, कुटलं आणि चाळणीवर पसरून त्याचे ताव वाळवले.

आठवडाही झाला नाही तोच देवाला सोडलेला वळू तुरीत शिरला. देवाच्या जनावराला काठी लावायची गावात कुणाची छाती नव्हती. त्याला आजवर अडवलं होतं ते काट्यांनीच.

"थांब आई, मी करतो बंदोबस्त," म्हणत व्यंकटनं आपल्या कागदावर काहीतरी लिहून तो बांधावर टांगला.

सकाळी वळू त्या कागदाखालीच तूर ओरबाडत होता.

"काय लिव्हलंस रं त्याच्यावर?"

"जनावरांना आत यायला सक्त मनाई आहे."

चतुराबाईनं लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लातुरात दगडाला बी पास करतूस म्हणं. मग निवडुंग पुन्हा वाढंपतूर ह्या वळूला वाचाय शिकीव."