उतरता खांदा

थोरलीची वाट लांब, धाकटी तिची काठी;
एक निघाली पुढं, तर दुसरी तिच्या पाठी.

वेणी घालताना आई हे गुणगुणायची. कुणाकडून शिकली नव्हती. आपल्या दोन मुलींकडे बघून तिनंच जुळवलेलं. आई जाऊन काळ लोटला, पण थोरली कुठल्याही जिन्यापाशी उभी राहिली की तो आवाज कानाशी यायचाच. आजही आला. थोरली मनातल्या मनात हसली. आज काठी घरी आहे, आई. वाट एकटीच आलीय.

खरंच एकटी आली होती. बसमध्ये पुढची जागा तिनं आधीच सांगून ठेवली होती. सोबत कोण आहे, असं कंडक्टरनं दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुम्ही सगळे आहात की." माणसं हसली. उतरताना कुणीतरी तिच्या दंडाला धरायला पुढं झालं. तिनं त्याच्या हातात पिशवी दिली आणि स्वतः कुबडीवर उतरली. कुठली मदत घ्यायची आणि कुठली नाही, ते तिचं तिनं ठरवलं होतं.

समोर धाकटीची इमारत होती. चौथ्या मजल्यावरचे पडदे तिनं खालूनच ओळखले. तिनंच शिवलेले. धाकटीनं फोनवर मापं सांगितली होती आणि हिनं दुकानात बसून शिवून पाठवले होते. त्या घराची खिडकी न खिडकी तिला पाठ होती, उंबरा तेवढा पाहिला नव्हता. येते म्हटलं की धाकटी म्हणायची, "चौथा मजला गं ताई, लिफ्ट नाही. कशाला जिवाला त्रास? मीच येते ना." आणि यायची. येताना खाऊ आणायची, जाताना ताईनं शिवलेले कपडे घालून मिरवत जायची. तिचा डावा खांदा जरा उतरता होता. थोरली त्या बाजूला आतून कापसाची पातळ गादी घालायची, म्हणजे बघणाऱ्याला कळत नसे. एकेकाचा बांधा, म्हणायची.

मग थोरलीनं हट्टच धरला. दुकानाच्या पोटमाळ्याचा जिना उभा, शिडीसारखा. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना ती त्यावर चढायची. चांगला पाय आधी, मग दुबळा, मग कुबडी. पडली, गुडघा फुटला, पुन्हा चढली. धाकटीला कळू दिलं नाही. दार वाजवायचं आणि तिचं तोंड बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

पिशवी पाठीला अडकवून तिनं कठडा धरला. चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

"कुणाकडे आलात?" मागून एक बाई म्हणाली. हातात भाजीची पिशवी होती.

थोरलीनं मजला सांगितला, बहीण सांगितली.

"मग जिन्यानं कुठं निघालात? या की इकडून." जिन्याच्या मागच्या कोपऱ्यात बाईनं एक दार ओढलं. आत पिवळा दिवा, डाग पडलेला आरसा. बटणांवरचे आकडे बोटांनी पुसट झालेले.

"नवी बसवली का?" थोरलीनं विचारलं. आकडे बघूनही विचारलं.

"नवी कसली. इमारत झाली तेव्हाची. मागं बिघडली, तर तुमच्या बहिणीनं सगळ्यांशी भांडून दुरुस्त करून घेतली. म्हणाली, चार मजले चढून माझे गुडघे गेले."

बाई दार धरून उभी होती.

"तुम्ही व्हा पुढं," थोरली म्हणाली. "मी जिन्याच्या तयारीनं आलेय."

लिफ्ट वर गेली. तिची घरघर भिंतीतून ऐकू येत राहिली. थोरली चढू लागली. कुबडी पायरीवर आपटत होती, उगाचच जोरात. दुसऱ्या मजल्यावर दम लागला, ती थांबली. आईचा आवाज आता येत नव्हता.

तिसऱ्याच्या वर, जिना वळतो तिथं, धाकटी धावत खाली आली. बाईनं सांगितलं असणार. हात ओले, ते पुसायचंही भान नव्हतं. ती सवयीनं कठड्याच्या कडेनं थोरलीच्या उजव्या अंगाला आली आणि डावा खांदा झुकवून उभी राहिली.

थोरलीचा हात कठड्यावरच राहिला.

धाकटी मग बोलू लागली. लिफ्टचा काही भरवसा नाही, कधी बंद पडेल सांगता येत नाही, तू आत अडकली असतीस म्हणजे, आणि कळवायचं तरी होतंस, मी न्यायला आले असते. बोलता बोलता तिचं तिलाच ऐकवेना.

"खोटं बोलायचं होतं तर तुझ्या नावानं बोलायचंस," थोरली म्हणाली. "माझ्या पायाच्या नावानं कशाला?"

धाकटी पायरीवर बसली. थोरली उभीच होती, त्यामुळे तिला ते वरून दिसलं. अंगावर हिनंच शिवलेले कपडे होते, पण ओल्या हातांनी ओढाताण होऊन खांद्यातली गादी सरकली होती. उजवा खांदा सरळ, डावा खाली गेलेला. हाताचा पंजा नीट बसावा, एवढाच.

थोरलीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कठड्यावरून तो उचलून कुठं ठेवावा, तिला कळेना.

"या एका घरात तरी," धाकटी खाली बघत म्हणाली, "मला तुझा हात माझ्या खांद्यावर नको होता, ताई."