पाठ पुन्हा पाठवा

तिसरा व्हिडिओही परत आला.

विशाखाने स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभं राहून मेल वाचली. "पाठ समाधानकारक. तरी निर्णय राखून ठेवत आहे. पुन्हा पाठवा. – कौशिक आगटे, मूल्यमापक." समाधानकारक आहे, मग राखून काय ठेवायचं? हे काय लोणचं आहे? तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

नवरा अपघातात गेला तेव्हा अजिंक्य दीड वर्षाचा होता. त्याला दापोलीला आईकडे ठेवून ती ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आली. लॅब बंद झाली, तेव्हा तिथल्याच एका भारतीय शाळेने तिला पाचवीला सायन्स शिकवायला घेतलं. पण एक अट होती. बी.एड. नसलेल्यांना पुण्याच्या एका संस्थेचं प्रमाणपत्र मिळवावं लागे. वर्गात शिकवतानाचे व्हिडिओ पाठवायचे. ते बघून तिथला मूल्यमापक ठरवणार, तुम्हाला शिकवता येतं की नाही. प्रमाणपत्र मिळालं की नोकरी कायम आणि नोकरी कायम झाली की अजिंक्यचा व्हिसा.

अजिंक्य आता पाच वर्षांचा होता. जानेवारीत पहिला व्हिडिओ गेला, तेव्हा त्याने स्वतःची पिशवी भरून ठेवली होती. रोज फोनवर विचारायचा, "आज?"

आगट्यांचे शेरे मात्र संपत नव्हते. पहिल्या वेळी लिहिलं, "मुलांचे नुसते आवाज येतात, मुलं दिसत नाहीत. कॅमेरा वर्गाकडे वळवा. तुम्ही दिसला नाहीत तरी चालेल." दुसऱ्या वेळी, "मुलं एका शब्दात उत्तरं देतात. मागे एक मुलगी जांभया देते आहे. विषय समजला का, ते मुलांना आपापल्या मातृभाषेत सांगू द्या."

शेरे खोटे नव्हते, हे विशाखालाही कळत होतं. तिसऱ्या वेळी तिने पाण्याचं चक्र शिकवलं आणि मुलांना बोलतं केलं. सादिकने उर्दूत सांगितलं. वसईची जेनिफर मराठीत सांगायला उभी राहिली.

"पाणी गरम होतं. मग वर जातं. मग ते, मिस, क्लाउड... ढग! ढग होतं. मग ते परत घरी येतं."

"खाली येतं," विशाखा म्हणाली. वर्ग हसला. जेनिफरही हसली. इतका जिवंत तास तिने आजवर घेतला नव्हता. आणि तोही परत आला.

शेवटी तिने पुण्याला फोन लावला.

"सर, नेमकं कमी काय पडतंय?"

"कमी असं नाही," आगटे सावकाश म्हणाले. "त्या चष्मेवाल्या मुलाला तुम्ही काहीच विचारलं नाहीत. आणि ढगाचं सांगणारीला मध्येच तोडलंत."

"तिचं चुकलं होतं, सर."

"हो. पण बोलू द्यायचं."

विशाखाचा धीर सुटला. "सर, माझा मुलगा गावी आहे. रोज वाट बघतो. तुमच्या एका सहीवर अडलंय हो सगळं."

"केवढा आहे?"

"पाच वर्षांचा."

"मुलं भराभर वाढतात," ते म्हणाले. "अजून एकच पाठवा." फोन बंद झाला.

तिला रडताना बघून गणिताच्या प्रियांकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, पुण्याचा माणूस तो! पहिल्या फटक्यात चांगलं म्हटलं तर त्याला जेवण पचत नसेल. यल्ला, चल, चहा घे आधी."

चौथ्या व्हिडिओचा तास विस्कटलाच. मार्चचा शेवट, निम्मा वर्ग तापाने घरी. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून हजेरी घेताना तिने जेनिफरचं नाव दोनदा पुकारलं.

"मिस, जेनिफर इज नॉट कमिंग," मुआज ओरडला. "ती आयर्लंडला चालली. फॉर एव्हर!"

त्यावर जो गलका झाला, तो थांबेपर्यंत दहा मिनिटं गेली. स्टँडवरून मोबाइल घसरला. फळ्यावर तिने बाष्पीभवनाच्या जागी संघनन लिहिलं आणि घाईघाईने पुसलं. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तिने आहे तसा व्हिडिओ पाठवून दिला.

"खलास," ती प्रियांकाला म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मेल आली. "उत्तीर्ण. शुभेच्छा."

तिने ती तीनदा वाचली. सगळ्यात वाईट तास कसा काय पास झाला, हे तिला उमजेना. पण आनंद असा की विचार करायला सवड कुणाला! तिने तिथूनच दापोलीला फोन लावला.

"अजू, व्हिसा होणार! येणार ना?"

"आजी पण येणार?"

"नाही रे. आजी तिथेच राहणार."

"मग मी नाही," अजिंक्य म्हणाला आणि खेळायला पळाला. पिशवीतले कपडे त्याने केव्हाच कपाटात परत ठेवले होते, हे विशाखाच्या आईने हळूच सांगितलं. तीन महिने. फक्त तीन महिने आधी हे झालं असतं तर.

आठवड्याने जेनिफरची आई, फेलिशिया, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आली. वर्गशिक्षिका म्हणून फॉर्म विशाखालाच भरायचा होता.

"नर्सिंगचा जॉब लागला, मिस. सगळं घाईत ठरलं," फेलिशिया म्हणाली.

"जेनिफरच्या वडिलांची सही लागेल बहुतेक."

"नाही लागणार. ताबा माझ्याकडे आहे." फेलिशियाने आवाज खाली केला. "चार वर्षं झाली. आम्ही कुठे असतो, तेही मी कधी कळवलं नाही त्यांना."

विशाखा फॉर्म भरू लागली. विद्यार्थिनीचं नाव, जेनिफर तुस्कानो. आईचं नाव, फेलिशिया तुस्कानो. मग तिने जन्मदाखला जवळ ओढला आणि त्यावर बघून पुढचा रकाना भरला. वडिलांचं नाव, कौशिक आगटे.