कोवळं ऊन

आप्पांच्या दोन्ही तळहातांवर फोड आले होते.

"पडदा कोणी उघडला?" पट्टी बांधता बांधता डॉक्टर कडाडले. "अंगात चमकणारं पॉलिमर सोडलंय. प्रकाश पडला की ते कॅन्सरची गाठ जाळतं. पण ते अंगात आहे तोवर ऊन लागलं, तर कातडीही भाजते. बजावलं होतं ना?"

आप्पांची लेक विदुला पलंगाशीच उभी होती. सकाळी आप्पा तिला म्हणाले होते, "सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय चहा गोड लागत नाही गं, पोरी." कोवळंच तर ऊन आहे, म्हणून तिनेच पडदा सारला, तांब्याने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"मीच उघडला," आप्पा म्हणाले.

"लेक एवढं जपतेय, तिचा तरी विचार करा!"

"चुकलं माझं."

विदुलाने ओला तांब्या हळूच ओढणीआड घेतला.