स्मशानशेडची चावी

खाडीकाठी दहाव्याचे दोन पिंड मांडले होते, लवूच्या बायकोचा आणि सरपंचाच्या आईचा. कावळे मात्र सरकारी स्मशानशेडच्या पत्र्यावर मुके बसले होते. त्या शेडमध्ये सरपंचाने आईला अग्नी दिला आणि कुलूप घातलं: "चर्मकारवाडीचा मडा हंय जळाचा नाय." लवूची बायको उघड्यावर, पावसात अर्धीच जळली. "आये, तुझ्या नावान देऊळ बांधतलंय," सरपंच विनवत होता. एकही कावळा हलेना. बायकोला काय हवंय ते लवूला ठाऊक होतं, पण कबूल करणं त्याच्या हाती नव्हतं. "मेल्या, शेड सगळ्यांका उघडतलंय म्हण!" सरपंचाचा मामा ओरडला. सरपंचाने चावी वाळूत ठेवली. "उघडतलंय." कावळे झपकन उतरले, पिंडांवर वाकले. सरपंचाने हळूच चावी खिशात टाकली. चोच न लावताच कावळ्यांच्या माना वर झाल्या. "सरपंचानू," लवू म्हणाला, "ती अजून पावसातच आसा."