वरची पुडी

"खसखस तुम्हीच टाकली होती ना?" फोनवरची बाई परदेशातून तिसऱ्यांदा विचारत होती. मसाल्याचं पार्सल घ्यायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला तिकडच्या पोलिसांनी मोबाइलसकट धरलं होतं, त्याला आज अकरा दिवस झाले. त्या देशात खसखस म्हणजे अफूचं बी, आणि ते जवळ सापडणं हा गुन्हा.

सासूबाई हातात चिकटपट्टी घेऊन पॅकिंगच्या टेबलापाशी तशाच उभ्या होत्या. सून कॉम्प्युटरसमोर. फोन दोघींच्या मध्ये, स्पीकरवर.

"मीच टाकली हो. त्यांनी मागवलेल्यात ती नव्हतीच. जुन्या गिऱ्हाइकाला मी आपली वर एक पुडी टाकते."

दुकान होतं तेव्हापासूनची ही खोड. दुकान गेलं, सून सात देशांत मिरी-लवंगा पाठवू लागली, तरी सासूबाईंचा हात आखडला नाही. वरच्या पुडीचा बिलात उल्लेख नसे. भेट का कुणी बिलात लिहितं? पण पोलिसांना वाटलं, मुद्दाम लपवून मागवली.

"तसं लिहून द्याल? त्यांना काही माहीत नव्हतं असं? वकील म्हणतात, तेवढ्यावर सुटतील. नाहीतर चार वर्षं."

"आत्ता देते. म्हणाल तिथे सही करते."

सून लिहायलाही लागली होती. बाईच्या आवाजात पहिल्यांदाच जरा धुगधुगी आली.

"आणि एक सांगा. वकील सारखं विचारतायत. एवढी मोठी पुडी का? चांगली पाव किलोची."

"अहो, त्यांनीच सांगितलं होतं की!" सासूबाईंना उत्तर माहीत असल्याचा केवढा आनंद झाला. टेबलामागच्या भिंतीला चिकटवलेला कागद त्यांनी घडाघडा वाचला. "'दर पार्सलमध्ये खसखशीची पुडी फुकट. आम्ही तिचीच वाट बघतो. आजी, पुढच्या वेळी जरा मोठी टाका.' पाच तारे दिलेत. सुनेनं छापून दिलं मला."

सुनेची बोटं थांबली. सासूबाईंनी एकदा फोनकडे, एकदा सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुठे लिहिलंय त्यांनी?" बाईनं विचारलं.

"इंटरनेटवरच्या आमच्या पानावर," सून म्हणाली. "सगळ्यांना दिसतं ते."

"काढा. पाया पडते तुमच्या, आत्ताच्या आत्ता काढा."

सासूबाई भिंतीशी भिडल्या. कागद पक्का चिकटलेला होता. नखांनी खरवडून त्यांनी तो काढला. सोबत रंगाचा पोपडा निघाला. मग कागदाचे बारीक बारीक तुकडे केले.

सुनेनं पान उघडून तो अभिप्राय काढायचं बटण दाबलं होतं. खाली एक ओळ आली: हा अभिप्राय फक्त लिहिणाऱ्यालाच काढता येईल.

"काढला हो," सासूबाई फोनवर वाकून म्हणाल्या. "काढला बघा."