शुक्रवारच्या आत पाहणी

घराची खरी किंमत त्यात राहणाऱ्या माणसालाच कळते, असं थोरामोठ्यांचं म्हणणं आहे. त्या थोरामोठ्यांनी घटस्फोटानंतर बँकेकडे कर्ज मागितलेलं नसावं. बँकेच्या मते ती किंमत श्रीयुत डाइकस्ट्रा यांना कळते. हे व्हॅल्युअर गृहस्थ मंगळवारी सकाळी साडेनऊला लेवार्डन शहरातल्या फेम्केच्या घरात, पायपुसण्यावर चारदा बूट घासून, शिरले.

फेम्के तयार होती. ‘व्हॅल्युएशन लवकर उरकण्यासाठी आपण काय करू शकता’ असा एक कागद बँकेने धाडला होता, त्यातलं एकूण एक तिने केलं होतं. कागदपत्रं टेबलावर, दारं सताड उघडी, माळ्याची शिडी खाली ओढलेली, मांजर शेजाऱ्यांकडे. बँकेने देऊ केलेल्या कर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. त्याआधी आकडा आला आणि तो तीन लाख नव्वद हजार युरोंच्या आत राहिला, तर सीत्सेला त्याचा अर्धा हिस्सा देऊन घर तिला ठेवता येणार होतं. वर गेला, तर घर विकायचं.

सीत्से, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपर्यंतचा तिचा नवरा, सव्वानऊलाच काखोटीला फाइल मारून हजर झाला होता. फाइलमध्ये घरात केलेल्या सुधारणांची यादी होती, पावत्यांसकट. आकडा मोठा, तर त्यातला अर्धाही मोठा.

“तूही यादी केली असशील. घरातल्या दोषांची,” तो म्हणाला.

“केलीय.”

“मी आहे का त्यात?”

“नाही. सध्या घरात आहेत तेवढेच धरायचे होते.”

तिची यादी सात कलमांची होती. पहिलंच कलम निजायच्या खोलीतल्या भिंतीवरचा ओलीचा डाग. बहिणीने फोनवर बजावलं होतं, “अगं, आठवडाभर हात बांधून बस. काचा पुसू नकोस, भांडी तशीच लोळू देत. त्या माणसाला घर भिकार दिसलं पाहिजे.” फेम्केने रविवारपर्यंत दम धरला. सोमवारी गल्लीने खिडक्या धुवायला काढल्या आणि तिच्या एकटीच्याच काचा मळकट राहिल्या. पडदे न लावणाऱ्या गल्लीत हे झाकून राहत नाही. समोरच्या बाईंनी रस्ता ओलांडून विचारलं, “बरं नाही का गं तुला?” त्यापुढचं तिला नीटसं आठवत नव्हतं. संध्याकाळी भानावर आली तेव्हा काचा लख्ख होत्या, नळात तोंड दिसत होतं, आणि तिच्या हातात रंगाचा ब्रश होता.

डाइकस्ट्रा लेझरचा लाल ठिपका भिंतींवर टाकत खोल्या मोजत गेले. मागून सीत्से, त्याच्यामागून फेम्के. निजायच्या खोलीत त्यांनी तिची यादी डोळ्यांजवळ धरली.

“डाग कुठे आहे, बाई?”

तिने बोट दाखवलं. भिंत पांढरीशुभ्र होती.

“इथे होता.”

“कधीपर्यंत?”

“काल संध्याकाळपर्यंत.”

सीत्से वळून तिच्याकडे बघत राहिला. “तू रंग दिलास?”

“परका माणूस येणार होता.”

“सहा वर्षं माझ्यामागे लागली होतीस, तो डाग काढ म्हणून.”

“हो. चाळीस मिनिटं लागली.”

मग सीत्सेने फाइल या काखेतून त्या काखेत घेतली आणि घसा खाकरला. “ओल आहे हो आत. चांगली ताटाएवढी. मी सांगतो ना.”

“आपण सांगताय?” डाइकस्ट्रांनी त्याच्या फाइलकडे पाहिलं. “आपला फायदा तर उलट्या बाजूने आहे.”

“ते मला ठाऊक आहे.”

“मला दिसतं तेवढंच लिहिता येतं,” डाइकस्ट्रा म्हणाले आणि माळ्याची शिडी चढले.

फेम्के भिंतीजवळ उभी राहिली. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती कॉफी करायला खाली गेली.

तिने डबा उघडला, तिघांना एकेक बिस्कीट दिलं आणि झाकण लावलं. सीत्से त्याच्या नेहमीच्या खुर्चीकडे निघाला, मधेच थांबला आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. डाइकस्ट्रांनी घड्याळ पाहिलं. “बावीस मिनिटं. इतकी तयारी कुणी ठेवत नाही. एरवी तास मोडतो माझा. अहवाल उद्याच पाठवतो.”

“फार बरं होईल,” दोघं एकदमच म्हणाली.

बुधवारी दुपारी दोघांनाही अहवाल आला. फेम्केने तो उघडण्याआधीच सीत्सेचा मेसेज येऊन पडला होता, “आला पण! इतक्या लवकर!” तिने अहवाल स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचला. आकडा चार लाख बारा हजार होता. खाली खुलासा होता. याच ओळीतलं, याच साच्यातलं चौदा नंबरचं घर गेल्या महिन्यात चार लाख बारा हजारांना विकलं गेलं, सबब याचीही किंमत तीच. सीत्सेच्या पावत्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या सात कलमांचाही नव्हता.

घराच्या आतल्या भागाबद्दल शेवटच्या पानावर एकच रकाना होता. त्यात लिहिलं होतं: ‘देखभाल – सर्वसाधारण.’